पेटी ओरडली आणि काळी उडाली

"अकरा रुपये प्राप्त झाले," पेटी ओरडली आणि माझी काळी कोंबडी टोपलीतून सरळ वर उडाली.

आधी ती भिंतीला धडकली, मग माझ्या डोक्यावर आली, तिथून दारात आणि दारातून अंगणातल्या कडुलिंबावर. जाताना तिच्या पायानं टोपली उलटी झाली. टोपलीतली तेरा अंडी सारवलेल्या जमिनीवर घरंगळली आणि त्यांतली दोन फुटली. फुटलेल्यांत नुसतं पिवळं-पांढरं नव्हतं. आत पिल्लाला डोळे आले होते.

"काय वाजलं गं हे?" कौसानं विचारलं. तिच्या हातात अजून फोन होता.

"तुझेच पैसे वाजले," मी म्हणाले.

अंडी कौसाची होती आणि पैसेही कौसानंच टाकले होते. त्यामुळे त्या घडीला कोणी कोणाला बोलायचं हे आम्हा दोघींनाही कळेना.

कौसा म्हणजे टेंभुर्णीची कौसाबाई. तरुणपणी आम्ही दोघींनी एका रस्त्याच्या कामावर जोडीनं खडी फोडली, तेव्हापासूनची ओळख. तिच्याकडच्या कोंबड्यांच्या पायांवर नखांपर्यंत पिसं असायची, म्हणून गावात त्यांना पायजमावाल्या कोंबड्या म्हणत. तिच्या लग्नात राजूरहून तिच्या आईनं पाठवलेल्या कोंबडीची ही पैदास. आई गेली, भाऊ गेले, माहेरचं घरही विकलं, पण पायजमावाल्या चालू राहिल्या. त्या हिवाळ्यात मुंगसानं एकेक करून सगळ्या संपवल्या. शेवटच्या कोंबडीनं मरण्याआधी घातलेली तेरा अंडी कौसानं जपून माझ्याकडं आणली होती. चौदावं अंडं जगात नव्हतं.

माझं काम काय ते आता सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल ही बाई कोंबड्यांवरून एवढं कशाला लिहून राहिली.

मी लोकांची अंडी उबवून देते. शेतात मजुरी करत होते तेव्हापासूनचा हा जोडधंदा. आता गुडघे गेले, मजुरी सुटली आणि जोडधंदाच धंदा झाला. गावरान कोंबडीला आता ढाब्यांवर भारी मागणी आहे, पण पिल्लं काढायची तर कोंबडी खुडूक लागते. म्हणजे तिला अंड्यांवर बसायची इच्छा व्हावी लागते. खुडूक कोंबडी अंग फुगवून बसते, दाणे टाकले तरी उठत नाही आणि हात घातला तर रक्त काढते. ही इच्छा सगळ्याच कोंबड्यांना होत नाही, आणि जिला होते तिच्या मालकाकडं तेव्हा अंडी नसतात. मी नेहमी आठ-दहा कोंबड्या पाळते, त्यातून एखादी-दुसरी खुडूक असतेच. तिच्याखाली तुमची अंडी ठेवायची आणि तीन आठवड्यांनी पिल्लं न्यायची.

टोपलीत भुसा घालते, त्यात एक लोखंडी खिळा आणि एक कोळसा ठेवते. ढगाच्या गडगडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून. खरंच बिघडतात का मला माहीत नाही. सासू ठेवायची म्हणून मी ठेवते. म्हणजे गडगडाटाचा बंदोबस्त होता, पेटीचा नव्हता.

ही पेटी घरात कशी आली तेही सांगायला पाहिजे. ह्या धंद्यात अंडी उबवणं सोपं आहे, कोंबडी करते. मोबदला कसा घ्यायचा हे ठरवण्यात माझे केस पांढरे झाले.

सासूची रीत वाट्याची होती. अंडी तुमची, कोंबडी माझी, निघालेली पिल्लं निम्मी निम्मी. ऐकायला चांगलं वाटतं. पण पिल्लू नर की मादी हे लहानपणी कळत नाही, तुरा फुटल्यावर कळतं. जाफराबादच्या एका शिंप्यानं वाटा घेताना स्वतः बसून पिल्लं निवडली, चांगली ठसठशीत बघून. तीन महिन्यांनी सगळी पिशवीत घालून परत आला.

"मावशी, सगळे कोंबडेच निघाले. बदलून द्या."

"निवडले कोणी?"

"म्या निवडले. पण तुम्हाला माहीत असंल ना."

"मला माहीत असतं तर मी तुला निवडू दिलं असतं का?"

"न्हाई मावशी, असं नका करू. पहाटं चारला सगळे एकदम आरवायला लागतात. गल्लीवाले म्हणतात, मशीन चालव नाहीतर कोंबडे ठेव, दोन्ही न्हाई चालणार."

शेवटी मी दोन कोंबडे ठेवून घेतले आणि त्याला एक कोंबडी दिली. त्यातला एक आम्ही त्याच रविवारी खाल्ला. चांगला होता. पण वाट्याची रीत मी तेव्हा बंद केली.

मग ज्वारी घेतली. ती कोंबड्यांनीच खाल्ली, म्हणजे मी कोंबड्यांसाठी काम करून राहिले होते. मग रोख. अंड्यामागं दहा रुपये. तर माणसं पाचशेची नोट घेऊन यायची आणि माझ्याकडं सुटे नाहीत म्हटलं की, "मंग राहू द्या मावशी, पुढच्या टायमाला देतो." पुढचा टाइम काही आला नाही.

मग माझा मुलगा सुदाम म्हणाला, फोनवर घे. स्वतःच्या खात्याचं चौकडीचं स्टिकर आणून त्यानं दाराला लावलं. लोकांनी त्यावर फोन धरला की पैसे जायचे. जायचे ते सुदामकडं.

"माझे पैसे दे," मी म्हणाले.

"आई, माझ्याकडं आले म्हणजे तुझ्याकडंच आले की."

"मंग तू जेवलास म्हणजे मीबी जेवले का?"

तो हसला. हसून उपयोग नव्हता, कारण माझी पाऊण हिवाळ्याची पिल्लं त्याच्या मोटारसायकलच्या मागच्या टायरमध्ये गेली होती. मी टेंभुर्णीला बँकेत गेले. निराधारचा पगार येतो ते माझं खातं आहे, त्याला स्टिकर जोडून घेतलं आणि सुदामच्या स्टिकरवर चिकटवलं. दोन दिवस तो बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवायला बसला तेव्हा बोलला.

पण पैसे आले का हे कळणार कसं? माझ्याकडं साधा फोन, बटणांचा. एक दिवस एक जण मोटारसायकल चालूच ठेवून दारात थांबला. पिल्लं घेतली आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. "गेले बघा मावशी." हिरवी खूण दिसली. हिरवी खूण सगळ्यांच्याच फोनमध्ये सारखी असते. संध्याकाळी माझ्या सुनेनं, मंदानं, तिच्या फोनवर पाहिलं तर काहीच आलं नव्हतं. तीच खूण त्यानं आमच्या किराणावाल्यालाही दाखवली होती. साखर आणि तेल घेऊन गेला. म्हणजे कोंबडी शिजवायची तयारी पूर्ण होती त्याची.

म्हणून पेटी आली. पैसे खरंच आले तर बाईच्या आवाजात सांगते, नाही आले तर गप्प राहते. तिचं भाडं महिन्याला खात्यातून कापतात, त्याचा मला राग आहे. पण तिच्याइतकी खरं बोलणारी बाई आमच्या गल्लीत दुसरी नाही. माझा डावा कान गेलेला आहे, म्हणून आवाज पूर्ण वर करून ठेवला होता.

पेटी ओट्यावर असायची. कौसा आली त्या दिवशी तिची चार्जिंग उतरली होती. रिकामा प्लग कोंबड्यांच्या खोलीतच होता, म्हणून मंदानं ती तिथं लावली. मंदाचा दोष नाही. कोंबडीच्या डोक्याशी बँक आणून ठेवू नये असं तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

कौसाच्या नातीनं तिला नवा फोन दिला होता आणि पैसे पाठवायला शिकवलं होतं. अंड्यांत जीव धरला हे मी टॉर्च लावून दाखवल्यावर ती खूश झाली. "शकुनाचे अकरा टाकते," म्हणाली, आणि गुप्त नंबर मोठ्यानं म्हणत म्हणत एकेक बटण दाबत गेली. पुढचं सांगितलंच आहे.

काळी संध्याकाळी झाडावरून उतरली, दाणे खाल्ले, पण त्या खोलीच्या उंबऱ्याला पाय लावायला तयार होईना. उचलून टोपलीत ठेवली तर मला चावून बाहेर गेली. तिची खुडूक उतरली होती. दुसऱ्या दोन कोंबड्यांच्या खाली आधीच लोकांची अंडी गच्च होती. गावात विचारलं, कोणाचीच कोंबडी खुडूक नव्हती.

"मंग मी इथंच राहते," कौसा म्हणाली.

"राहून काय करशील?"

"पहाते."

"पाहून उबतात का अंडी?"

पण ती राहिली. मी तेलाच्या रिकाम्या डब्यात भुसा घातला, वर विजेचा दिवा सोडला, कोपऱ्यात पाण्याची वाटी ठेवली म्हणजे कवच फार सुकू नये. अंडी हातानं फिरवायची, कोंबडी पायानं फिरवते तशी. अकरा अंडी उरली होती. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी गावाची डीपी जळाली.

शहरात वाचणाऱ्यांसाठी सांगते. डीपी म्हणजे गावाला वीज देणारा तो खांबावरचा मोठा डबा. हरभऱ्याला पाणी द्यायला सगळ्यांनी एकदम मोटारी चालू केल्या की तो जळतो. नवा आज येतो, उद्या येतो असं म्हणतात आणि परवाही येत नाही. पौषाची थंडी होती. डब्यातला दिवा विझला.

सुदाम म्हणाला, "आई, सोडून दे आता. मी कौसामावशीला बाजारातून चांगल्या दोन कोंबड्या आणून देतो."

कौसा काही बोलली नाही. अंड्यावर हात ठेवून बसली होती. ती बोलली असती तर मी भांडले असते आणि सोडूनही दिलं असतं. ती गप्प बसली म्हणून मला काहीतरी करावं लागलं.

"लुगड्याची ओटी कर," मी तिला म्हणाले. "पाच तू घे, सहा मी घेते."

"तू सहा कामून?"

"माझं पोट मोठं आहे."

"मंग दहा घे ना. मावतील."

अशा आम्ही दोन म्हाताऱ्या पोटाशी अंडी बांधून, पाठीला पाठ लावून, एका गोधडीत बसलो. मांडीशी गरम पाण्याच्या बाटल्या. एकीला उठायचं झालं की सगळी अंडी दुसरीच्या ओटीत द्यायची. मंदा भाकरी हातात आणून द्यायची. खोकला आला तर कौसा ओरडायची, "हळू खोक, फुटतील!" जसं काही खोकला मला विचारून येतो. खडी फोडताना आमची एवढी भांडणं झाली नव्हती. तिचं म्हणणं मी अंडी बराबर फिरवत नाही. माझं म्हणणं ती फार फिरवते, पिल्लांना आत चक्कर येईल.

गावात वीज नव्हती, टीव्ही बंद. लोकांना बघायला काहीतरी पाहिजे होतं. पहिल्यांदा गिरणीवाला आला, कारण त्याची गिरणी बंद होती. "काय गयाबाई, खुडूक बसल्या व्हय?"

मंदा दारात गहू निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बघायचे पाच रुपये. स्टिकर दाराला आहे."

ती गंमत करून राहिली होती. पण गिरणीवाल्यानं खरंच फोन काढला. ट्रॅक्टरवर चार्ज करून आणला होता. पेटीत अजून चार्जिंग होती आणि पैसे आल्याचं मला ऐकू यावं म्हणून मंदानं ती आमच्या दोघींच्या मध्ये गोधडीतच ठेवली होती.

"पाच रुपये प्राप्त झाले."

"हिला बाहेर काढ," कौसा म्हणाली. "आधीच हिनं घात केला."

"आता काय करणार आहे ती? अंडी उडून जात न्हाईत."

त्यानंतर रांग लागली. बायका आल्या, म्हातारे आले, टेंभुर्णीहून कौसाची नात आली आणि आजीचे फोटो काढून गेली. एकानं विचारलं, आत हात घालून बघू का? त्याला मंदानं लाटण्यानं उत्तर दिलं. दिवसभर पेटी आमच्या पोटाशी ओरडत होती. माझ्या आयुष्यात नुसतं बसून राहण्याचे पैसे मला पहिल्यांदाच मिळाले.

दिवस भरत आले तेव्हा मी घमेल्यात कोमट पाणी घेतलं. आत जीव असेल तर अंडं पाण्यात आपोआप हलतं. नसेल तर नुसतं तरंगत राहतं. एकेक अलगद सोडलं. सगळी स्थिर. कौसानं माझा हात धरला तो सोडेचना. मी मनात म्हणाले, संपलं. आता हिला कसं सांगायचं.

तेवढ्यात दारात कोणीतरी पैसे टाकले. "पाच रुपये प्राप्त झाले."

आणि अंडी हलली. एक हललं, मग दुसरं, मग घमेल्यात सगळीकडं थरथर. चार मात्र हलली नाहीत.

"गया! ही पैशाला हलून राह्यली गं!"

"तुझ्या घरची आहेत," मी म्हणाले. "शोभतात."

वीज आली त्याच्या दुसऱ्या दिवशी पिल्लं निघाली. सात. ओली, घाणेरडी, माना न धरणारी. कौसानं पहिलं उचललं आणि तोंड बघायच्या ऐवजी त्याचे पाय बघितले. नडगीवर बारीक लव होती, खाली बोटांपर्यंत. पायजमा. तिनं ते छातीशी धरलं आणि रडली. मी चहा ठेवायला गेले, कोणीतरी ठेवायला पाहिजे होता.

पिल्लं सुकून पायावर उभी राहिल्यावर मी ती काळीला दाखवली. काळीनं पिल्लांकडं पाहिलं, पिल्लांनी काळीकडं पाहिलं, ओळख पटली नाही. मग पेटी ओट्यावर वाजली आणि सातही पिल्लं उंबरा चढून, पडत-झडत पेटीकडं धावली आणि तिच्याखाली घुसायला लागली. पिल्लू अंड्यात असतानाच आईचा आवाज ओळखायला लागतं, हे मला माहीत होतं. कोंबडी बसल्या जागी खालच्या अंड्यांशी बोलत असते. ह्यांच्याशी कोण बोललं होतं? पेटी. तीच त्यांची आई.

तेव्हापासून संध्याकाळी पिल्लं गोळा करायची म्हणजे मंदानं माझ्या खात्यावर एक रुपया टाकायचा. रुपया घरातल्या घरात. सुदाम म्हणाला, मी आवाज काढतो तिच्यासारखा. काढला. पिल्लांनी त्याच्याकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

महिनाभरानं कौसा पिल्लं न्यायला आली. पिल्लं अंगणात दूरवर पांगलेली, कुंपणाशी किडे वेचत होती. आम्ही ओट्यावर चहा पीत होतो. कुंपणाच्या दगडांतून तपकिरी तोंड बाहेर आलं. मुंगूस. पिल्लं त्याच्यापासून दोन हातांवर.

मी ओरडले. मला गुडघ्यांमुळे उठता येईना. पिल्लं माझ्या ओरडण्यानं आणखीच पांगली.

"मंदा! रुपया टाक! जल्दी!"

मंदानं फोन काढला. "फिरून राह्यलं आत्याबाई, नुसतं गोल गोल फिरून राह्यलं, रेंज न्हाई!"

कौसानं कप खाली टाकला. तो फुटला. तिनं पदराखालून स्वतःचा फोन काढला आणि नंबर मोठ्यानं म्हणायला लागली, एकेक आकडा, एकेक बोट. तिचा गुप्त नंबर आता आमच्या सगळ्या गल्लीला पाठ आहे. मुंगूस पुढं सरकलं. मी चप्पल फेकली, ती कडुलिंबाला लागली. कौसाचं शेवटचं बोट बटणावर पडलं.

"अकरा रुपये प्राप्त झाले."

सात पिल्लं अंगणाच्या सात कोपऱ्यांतून निघाली ती सरळ ओट्यावर, पेटीवर, पेटीमागं, माझ्या लुगड्यात. मुंगूस मोकळ्या अंगणात उभं राहिलं. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि आलं तसं दगडांत गेलं.

"ते अकरा परत दे," थोड्या वेळानं कौसा म्हणाली. "घाईत जास्त गेले. रुपया पुरला असता."

"कपाचे धर."

उबवणीचे पैसे तिच्याकडून घेतले नाहीत. सहा पिल्लं ती घेऊन गेली. एक माझ्याकडं ठेवलं, म्हणाली, वाटा धर. वाट्याची रीत मी बंद केली आहे हे तिला सांगितलं, पण पिल्लू ठेवून घेतलं. ती पेटीचा आवाजही नातीनं दिलेल्या फोनमध्ये भरून घेऊन गेली, नाहीतर तिकडं पिल्लं गोळा कशी करणार?

आता माझ्याकडं निम्मे पैसे अंडी देताना आणि निम्मे पिल्लं नेताना. फोनवर. पेटी ओट्यावर, कोंबड्यांच्या खोलीत नाही. फोन नसेल आणि सुटेही नसतील तर अंडी परत न्यावी.

तेरा अंड्यांतली सात पिल्लं जगली. काळी जगली. कौसा आणि मीही आहोत. मुंगूसही जगलं, ते अजून येतं.